नोकरी सोडून नर्सिंगला जायचंय? मग कर्जाचा हिशोब आधी असा मांडा

आमच्या वॉर्डात हल्ली फ्रेशर म्हणून येणाऱ्यांमध्ये एखाददुसरी सत्तावीस-अठ्ठावीसची असतेच. कुणी आधी टॅलीवर बसत होती, कुणी एमआयडीसीत क्वालिटीला होती, एक ब्रदर (पुरुष नर्स) तर चक्क बीई मेकॅनिकल आहे. कामाला ही मंडळी चांगली असतात, बारावी झाल्या झाल्या आलेल्यांपेक्षा जास्त टिकतात असं माझं मत आहे, कारण नोकरी म्हणजे काय ते आधी बघून आलेली असतात. पण पगार झाल्यावर दुसऱ्या दिवशी खात्यात काय उरलं ते त्यांना विचारू नका. जुन्या शिक्षणाचा हप्ता, नव्या शिक्षणाचा हप्ता, आणि पगार मात्र फ्रेशरचाच.

नर्सिंग करावं की नाही ते मी सांगत नाही, ते तुम्ही ठरवलंच असेल. कर्ज किती पेलेल ते कसं बघायचं एवढंच लिहितेय, तेही महाराष्ट्रापुरतं, कारण इथलं मला माहितीये.

आधी तुम्हाला कुठला कोर्स मिळतो ते बघा

यात बरेच जण घोळ घालतात. तुमची बीकॉम, बीए, बीई जी काही डिग्री झाली असेल तिला इथे फारसं कुणी विचारत नाही, सगळं बारावीवर अडतं. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं, त्याला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं, तिन्ही मिळून ४५ टक्के (मागासवर्गीयांना ४०), इंग्रजी पास, आणि वर राज्याच्या सीईटी सेलची परीक्षा. म्हणजे बारावीला बायो सोडून नुसतं मॅथ्स घेतलेला इंजिनीअर इथे बसत नाही, त्याला आधी बायो द्यावं लागेल. जीएनएम म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवायफरीचा डिप्लोमा, तीन वर्षांचं, त्याला बारावी कुठल्याही शाखेची चालते, इंग्रजी हवं, ४० टक्के हवेत, सायन्सवाल्यांना प्राधान्य मिळतं आणि वयाची अट ३५. कॉमर्स-आर्ट्सवाल्यांसाठी खरा रस्ता हाच.

एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) दोन वर्षांचं, स्वस्त पडतं, पण त्यातून स्टाफ नर्स होत नाही, आरोग्यसेविकेचं काम मिळतं. ते काम वाईट अजिबात नाही, पण स्टाफ नर्सचा पगार डोळ्यासमोर ठेवून कुणी एएनएमसाठी कर्ज काढत असेल तर तिला आजच थांबवा.

आणि एक, "जीएनएम करते आणि मग नोकरी करत करत पोस्ट बेसिक करते" असं सगळे म्हणतात. पोस्ट बेसिक बीएस्सी, म्हणजे जीएनएमनंतरची डिग्री, दोन वर्षांचं रेग्युलर असतं बरं का, कॉलेजला जावं लागतं, म्हणजे पगार परत दोन वर्षं बंद. ते हिशोबात धरा.

हिशोब पहिल्या पगारावर, सरकारी पगारावर नाही

माझं सगळं सांगणं या एका गोष्टीवर उभं आहे म्हणून इथे जरा थांबते. घरात नर्सिंगचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "सरकारीत लागली की पन्नास-साठ हजार कुठे गेले नाहीत". खोटं नाहीये ते. राज्य सरकारच्या अधिपरिचारिकेचा, म्हणजे स्टाफ नर्सचा, मूळ पगार ३५,४०० पासून सुरू होतो आणि वर भत्ते, एम्सच्या नॉरसेट परीक्षेतून केंद्राकडे लागलं तर मूळच ४४,९००. पण ती जागा मिळेपर्यंत तुम्ही कुठे असता? खासगी हॉस्पिटलात. तिथे माझ्या आजूबाजूला जे चाललंय ते सांगते, शहरातल्या बऱ्या हॉस्पिटलात फ्रेशरच्या हातात पंधरा ते वीस हजार, तालुक्याच्या गावी दहा-पंधरा खाटांच्या नर्सिंग होममध्ये त्याहून कमी, आणि एनएचएमच्या (राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या) कंत्राटी स्टाफ नर्सला २०,०००.

२०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या सांगण्यावरून केंद्राने नेमलेल्या समितीने शिफारस केली होती की २०० च्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतकाच पगार द्या, शंभर ते दोनशेला फार तर १० टक्के कमी, पन्नास ते शंभरला २५ टक्के कमी आणि पन्नासच्या आत असली तरी वीस हजारांच्या खाली नको. कागदावर फार छान आहे. पगाराच्या स्लिपवर ते उतरलेलं मी तरी बघितलेलं नाही, म्हणून कर्ज घेताना त्या शिफारशींवर विसंबू नका.

तर नियम माझा असा, पहिल्या पगारातले जे हातात येतील त्याच्या चौथ्या हिश्श्याच्या वर कर्जाचे सगळे हप्ते मिळून जाता कामा नयेत. जुनं नवं सगळं मिळून हं. सोळा हजार हातात असतील तर चार हजार. वीस असतील तर पाच. खोलीचं भाडं, डबा, येणंजाणं आणि घरी थोडेफार पाठवायचे एवढं केल्यावर याच्या वर काही निघतच नाही, निघतं म्हणणाऱ्या मुली मग डबल ड्युट्या करतात आणि वर्षभरात पाठीचा एक्सरे काढून बसतात.

पहिला पगार किती ते गूगलला विचारू नका. ज्या कॉलेजात जाणार त्याच कॉलेजच्या मागच्या बॅचच्या दोघी-तिघींना गाठा, कॉलेजच्या ऑफिसने दिलेल्या नंबरवाल्या नाही, तुम्ही स्वतः शोधलेल्या, आणि सरळ विचारा की बाई हातात किती येतात, पीएफ कापून किती, आणि पास झाल्यावर किती महिने घरी बसलीस. शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा, कारण रिझल्ट, मग महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, मग नोकरी यात महिने जातात, आणि रजिस्ट्रेशन हातात नसताना जॉइन करून घेतलं तरी ट्रेनी म्हणून पगार अजून कमी लावतात.

फीचा कागद खालपासून वाचा

माझी एक मावसबहीण आहे, नाशिकला अंबडच्या एका कंपनीत क्यूसीला, केमिस्ट्रीची बीएस्सी, वय सव्वीस. तिला नर्सिंगला जायचंय. तिने व्हॉट्सअॅपवर एका खासगी कॉलेजचा फीचा कागद पाठवला आणि खाली लिहिलं, "ताई, चार लाखच तर होतात चार वर्षांचे, लोन होईल ना?"

कागदावर वर मोठ्या अक्षरात ट्यूशन फी १,००,०००. बरोबर, चार वर्षांचे चार लाख. मग खाली बारीक अक्षरात, हॉस्टेल ४८,०००, मेस ३६,०००, क्लिनिकल पोस्टिंगची बस १२,०००, युनिफॉर्म आणि किट ६,५००, लॅम्प लायटिंग व इतर कार्यक्रम ३,०००. मी तिला म्हटलं, हे खालचं जरा बेरीज कर. १,०५,५००. म्हणजे खालचं वरच्यापेक्षा जास्त. आणि यात युनिव्हर्सिटीची परीक्षा फी नाही, पुस्तकं नाहीत, आणि मानसोपचाराच्या पोस्टिंगला मुलींना बाहेरगावी पाठवतात तेव्हाचा खर्च नाही. आपल्याकडे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चारच, येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी, त्यामुळे बऱ्याच कॉलेजच्या मुली तिथे काही आठवडे जाऊन राहतात आणि त्याचे पैसे वेगळे मागितले जातात.

तर तिचा हिशोब आम्ही असा मांडला. वर्षाला २,०५,५०० प्रमाणे चार वर्षांचे ८ लाख २२ हजार. आता दुसरा भाग, जो कुठल्याच बँकेच्या कागदावर नसतो. तिला हातात १८,००० येतात, स्वतःचं राहणंखाणं जाऊन आठेक हजार उरतात. नर्सिंगला गेली की हे आठ हजार बंद. ४८ महिन्यांचे झाले ३ लाख ८४ हजार. (इथे पूर्ण अठरा हजार धरायचे नाहीत, कारण राहण्याखाण्याचे पैसे हॉस्टेल-मेसमध्ये आधीच धरलेत, नाहीतर एकच खर्च दोनदा मोजला जातो.) झाले बारा लाख सहा हजार. वर कर्जाचं व्याज. म्हणजे चार लाखांचा म्हणून जो निर्णय होता तो साडेतेरा लाखांच्या घरात गेला.

मग ती रडवेली झाली, ते जाऊ द्या. पण आकडा समोर आल्यावरच पुढचं बोलता येतं.

कुणाकुणाला वाटतं की नाइटला पार्टटाइम करून भागवू. नर्सिंग कौन्सिलची अट आहे, थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हीला ८० टक्के हजेरी, आणि डिग्री हातात पडायच्या आधी प्रॅक्टिकलचे तास शंभर टक्के भरावेच लागतात. सकाळी सातला वॉर्ड, दुपारी लेक्चर. शनिवार-रविवार ट्यूशन घेता येतील, बाकी कमाईचं विसरा.

हप्त्याचं गणित

व्याज १० टक्के धरू, तुमच्या बँकेचा जो असेल तो टाका. वर्षाला एक लाख असं चार वर्षं बँकेने कॉलेजला भरले. शैक्षणिक कर्जात कोर्स चालू असताना आणि वर एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून लागतं, साधं व्याज. पहिल्या वर्षीच्या लाखावर पाच वर्षांचे पन्नास हजार, दुसऱ्यावर चाळीस, तिसऱ्यावर तीस, चौथ्यावर वीस. झाले १ लाख ४० हजार. हप्ता सुरू होतो तेव्हा कर्ज ४ नाही, ५ लाख ४० हजार आहे. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला ७,१०० च्या वर. पंधरा वर्षांत फेडायचं तर ५,८०० पण मग एकूण साडेदहा लाखांच्या आसपास भरले जातात.

सोळा-अठरा हजारांच्या पगारात सात हजार? नाही बसत. माझ्या चार हजारांच्या नियमात तर नाहीच नाही.

आता तेच जीएनएमचं बघा. वर्षाला ८०,००० धरले, तीन वर्षं, २ लाख ४० हजार. व्याज ७२,०००. हप्ता सुरू होताना ३ लाख १२ हजार, दहा वर्षांसाठी महिन्याला ४,१०० च्या आसपास. शिवाय एक वर्ष आधी पगार सुरू. खासगी हॉस्पिटलात पहिल्या पगाराला बीएस्सी आणि जीएनएममध्ये फार तर हजार-दोन हजारांचा फरक पडतो. पुढे बीएस्सीला दारं जास्त आहेत हे खरंय, एमएस्सी आहे, ट्यूटर म्हणून जाता येतं, समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून २५,००० आणि कामावर आधारित वरचे १५,००० पर्यंत मिळतात. म्हणून मी कुणाला सरसकट जीएनएम करा म्हणत नाही. सरकारी बीएस्सीची सीट लागत असेल तर प्रश्नच नाही, डोळे झाकून घ्या, फी काही हजारांत असते. पण सरकारी सीट नाही आणि खासगी बीएस्सीसाठी सगळंच्या सगळं कर्ज, असं असेल तर जीएनएमचा विचार कमीपणा न मानता करा.

बीएस्सीच करायची असेल तर हप्ता खाली आणायचा एक साधा रस्ता आहे, शिकताना व्याज भरत जायचं. पहिल्या वर्षी महिन्याला ८३३, दुसऱ्या वर्षी १,६६७, तिसऱ्याला २,५००, चौथ्याला ३,३३३, आणि पास झाल्यावरच्या वर्षातही तेवढेच. असं केलं तर हप्ता सुरू होताना कर्ज चार लाखच राहतं आणि दहा वर्षांचा हप्ता ५,३०० च्या आत येतो, शिवाय असं व्याज भरणाऱ्यांना बऱ्याच सरकारी बँका दरात एक टक्क्यापर्यंत सूट देतात. घरून थोडीशी मदत होणार असेल तर ती फी भरायला न घेता या व्याजाला लावा.

जुनं कर्ज आधी

मावसबहिणीच्या डोक्यावर एका कोर्सचा ३,२०० चा हप्ता आहे, वर्षभराचा उरलाय. आमचं ठरलं की हे वर्ष नोकरी सोडायची नाही, हप्ता संपवायचा आणि त्याच वर्षात सीईटीचा अभ्यास करायचा. पण हे सगळ्यांना लागू पडेल असं नाही कारण वर्ष घालवण्याचीही किंमत आहे. नॉरसेटला वय ३० पर्यंत, ओबीसीला तीन आणि एससी-एसटीला पाच वर्षांची सवलत. जीएनएमवाल्यांना तर त्याआधी पन्नास खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणजे खुल्या वर्गातली सत्तावीसची मुलगी आज बीएस्सीला गेली तरी एम्सचं दार तिच्यासाठी बंदच. ब्रदर लोकांना तर अजून कठीण, तिथे ८० टक्के जागा बायकांसाठी आहेत. राज्याच्या भरतीला साधारण खुल्याला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ पर्यंत चालतं, तो रस्ता उरतो, पण भरती कधी निघेल त्याचा भरवसा नाही. तर वय चोवीस असेल तर जुनं कर्ज मागे असलं तरी यंदाच जा, तिशीला टेकला असाल तर एम्सचं दार गेलेलंच आहे, मग वर्षभर थांबून जुनं फेडून जाणं शहाणपणाचं.

जुनं कर्जही शैक्षणिकच असेल आणि त्याच बँकेचं असेल तर बँकेला टॉप-अपबद्दल विचारा, पुढच्या शिक्षणासाठी जुन्यावरच वाढीव कर्ज देऊन हप्ता पुढे ढकलता येतो का ते. मॅनेजर पहिल्यांदा नाही म्हणेल, बऱ्याचदा त्यालाच माहिती नसतं, आयबीएच्या, म्हणजे बँकांच्या संघटनेच्या, शैक्षणिक कर्जाच्या मॉडेल योजनेत तशी सोय आहे असं सांगा. पर्सनल लोन असेल तर मात्र ते कुणी थांबवत नाही, ते फेडूनच निघा.

बँकेत काय विचारायचं

चार लाखांपर्यंत स्वतःचे पैसे घालावे लागत नाहीत, त्याच्या वर देशातल्या शिक्षणाला पाच टक्के आपले. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, पण सहकर्जदार लागतो. लग्न झालं असेल तर नवरा किंवा बायको, आईवडील, सासू-सासरे कुणीही चालतं. इथे एक गोष्ट घरात उघड बोलून घ्या, सहकर्जदाराच्या सिबिलवरही (कर्जाच्या नोंदींवर) हे कर्ज दिसतं, तुमचा हप्ता चुकला तर उद्या भावाच्या घराच्या कर्जाला वडिलांचं नाव लावताना अडचण येते. घरातले वाद यावरून होतात, नर्सिंगवरून नाही.

कोर्स आणि कॉलेज मान्यताप्राप्त असल्याचा कागद बँक मागतेच, इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या यादीत कॉलेजचं नाव आहे का ते तुम्ही आधीच बघा. बीएस्सी असेल तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नताही. मेरिटवरची सीट आणि मॅनेजमेंट कोटा यात बँक फरक करते हे लक्षात असू द्या.

सँक्शन लेटर, म्हणजे कर्ज मंजुरीचं पत्र, मिळालं की घरी आणून वाचा, तिथेच सही करू नका. तीन गोष्टी शोधा, दर फ्लोटिंग आहे का आणि किती काळाने बदलतो, मोरेटोरियम, म्हणजे हप्ता नसलेला काळ, कोर्स संपल्यापासून एक वर्ष असं नीट लिहिलंय का, आणि सोबत कुठली विमा पॉलिसी चिकटवलीय का जिचा हप्ता कर्जातच मिसळलाय. मुलींना बऱ्याच सरकारी बँका व्याजात अर्धा टक्का सूट देतात, ती लावलीय का तेही बघा, मागितल्याशिवाय लावायचं राहून जातं. वित्त कंपन्या कर्ज पटकन देतात, कॉलेजातच टेबल टाकून बसतात, पण त्यांचा दर जास्त आणि काहींचा हप्ता तर दुसऱ्याच महिन्यापासून सुरू.

गावाकडे सोनं ठेवून किंवा पतसंस्थेतून पैसे उचलायची सवय असते. थोडे असतील तर ठीक, पण त्याला मोरेटोरियम नाही आणि आयकरात ८०ई ची वजावटही नाही. ८०ई म्हणजे शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची आठ वर्षं मिळणारी सूट, तीही जुन्या कररचनेतच. फ्रेशर नर्सला मुळात आयकरच लागत नाही त्यामुळे या ८०ई साठी कुणी कर्ज घ्या म्हणत असेल तर हसून सोडून द्या.

सवलतींमध्ये दुसऱ्यांदा शिकणाऱ्यांचा पत्ता कुठे कटतो

हे कुणी सांगत नाही. साडेचार लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असेल तर मोरेटोरियमच्या काळातलं पूर्ण व्याज केंद्र सरकार भरतं अशी योजना आहे, पण ती एकदाच मिळते, पहिल्या पदवीला किंवा पदव्युत्तरला. तुमची एक पदवी आधीच झालेली असेल तर ही धरून हिशोब करू नका. मागासवर्गीयांच्या पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीतही जुनी अट आहे, एका पातळीचं शिक्षण झाल्यावर त्याच पातळीचं दुसरं घेतलं तर मिळत नाही, म्हणजे बीए करून मग बीकॉम केलं तर नाही, तसंच हे.

ओबीसी महामंडळाची शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजना आहे, तिला वय १७ ते ३०, आणि परतावा म्हणजे आधी तुम्ही भरायचं मग ते देणार. मुलींच्या फीमाफीचा जुलै २०२४ चा जीआर आहे, ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसीतल्या आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ, पण सीट कॅप राउंडमधली (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतली) हवी, मॅनेजमेंट कोट्याला नाही, अभिमत विद्यापीठाला नाही. मिळाली तर सगळा हिशोबच बदलतो, म्हणून त्या कॅप राउंडसाठी जीव तोडून अभ्यास करा, मॅनेजमेंटची सीट "पक्की करून ठेवू" म्हणून आधीच पैसे भरू नका. तुमचा कोर्स आणि तुमची आधीची डिग्री यात बसते का ते महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवर आणि कॉलेजच्या स्कॉलरशिप क्लार्कला, दोन्हीकडे विचारा, क्लार्क काय म्हणाला ते लिहून घ्या.

कॉलेज बघायला जाल तेव्हा

खासगी कॉलेजची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या वेबसाइटवर कॉलेजवार दिसते, तिथला आकडा आणि कॉलेजने दिलेल्या कागदावरचा आकडा शेजारी ठेवा. मग कॉलेजचं स्वतःचं हॉस्पिटल आहे का ते बघा. नुसती पाटी नाही, आत जा, सकाळी अकरा वाजता वॉर्डात खाटांवर पेशंट आहेत का ते बघा. गाद्या गुंडाळून ठेवलेल्या दिसल्या तर उलटे फिरा. याचा कर्जाशी काय संबंध म्हणाल तर थेट संबंध आहे, जिने तीन-चार वर्षांत स्वतःच्या हाताने आयव्ही लावलेली नाही, कॅथेटर घातलेला नाही, तिला इंटरव्ह्यूत दोन मिनिटांत ओळखतात आणि पगार त्याच हिशोबाने लावतात, हप्ता मात्र तोच राहतो.

मूळ मार्कशीट आणि एलसी जमा करून घेऊन "सोडून गेलीस तर चारही वर्षांची फी भर" असं लिहून घेणारी कॉलेजं असतात. मूळ कागद दाखवा, झेरॉक्स द्या, मूळ परत घ्या. शेजारच्या राज्यात "सीईटी नको, डायरेक्ट अॅडमिशन" म्हणून नेणारे एजंट फिरतात, त्यांच्या कमिशनचे पैसे तुमच्याच फीमधून जातात एवढं समजून घ्या.

परदेशाच्या भरवशावर कर्ज वाढवू नका

जर्मनीचं सध्या फार चाललंय, आणि तिथे गरज आहे हे खरंय. पण तिथे नर्स म्हणून मान्यता मिळायला जर्मन भाषा बी२ पातळीपर्यंत लागते, आणि ती तीन शिफ्टच्या ड्युट्या करून शिकायची. इंग्लंडला ओईटी किंवा आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा, अमेरिकेला एनक्लेक्स ही नर्सिंगची परीक्षा, सगळीकडे पैसे आणि वेळ. जायचं तर नक्की जा, पण कर्ज इथल्या पगारावर फिटेल एवढंच घ्या. आणि भारतात नोंदणी असलेला रिक्रूटिंग एजंट उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी याच्या वर सेवाशुल्क घेऊ शकत नाही, दोन-तीन लाख मागणाऱ्यासाठी वेगळं कर्ज काढू नका.

हप्ता सुरू झाला आणि जमलं नाही तर

रजिस्ट्रेशन अडकलं, नोकरी लागली नाही, किंवा लागली पण दहा हजारांची लागली, असं होतं. तेव्हा फोन बंद करून बसायचं नाही. मॉडेल योजनेत बेरोजगारी किंवा कमी पगाराच्या काळासाठी हप्ता थांबवायची सोय आहे, एका वेळी सहा महिन्यांपर्यंत, आणि कर्जाच्या पूर्ण काळात दोन-तीनदा. व्याज चालूच राहतं पण खातं थकीत होत नाही. यासाठी हप्ता चुकायच्या आधी, चुकल्यावर नाही, शाखेत लेखी अर्ज द्यायचा, सोबत ऑफर लेटर किंवा पगाराची स्लिप, नोकरीच नसेल तर तसं स्वतःच्या सहीने लिहून. अर्ज दोन प्रतींत न्या, एकीवर तारखेचा शिक्का मारून घ्या. काउंटरवरची मुलगी म्हणेल साहेब आल्यावर या, तर साहेब येईपर्यंत तिथेच बसा.